कागलच्या पुढं परवानगी लागते

ये गं, अशी जवळ ये. कागदावरच बोलावते तुला, कारण फोन तू उचलत नाहीस. चार वेळा लावला. चौथ्यांदा वाजता वाजता कट केलास ते कळलं मला. पोराच्या बारशाला मावशी आली नाही म्हणून रुसलीस, आणि निपाणीभर सांगत सुटलीस म्हणे, "मावशीला आता कोल्हापूरचं वारं लागलं." अगं, सगळ्या गल्लीची चौकशी करतेस, कुणाच्या सुनेनं कसलं पातळ नेसलं ते विचारतेस, आणि सख्ख्या मावशीला एकदा "का गं आली नाहीस" एवढं विचारायला तुझं तोंड दुखतं होय? बाळंतिणीनं राग धरला की दूध आटतं असं माझी सासू म्हणायची. खरं-खोटं तिला ठाऊक. पण तू राग बाजूला ठेव आणि ऐक.

मावशीला वारं लागलेलं नाही, कोर्टाचा कागद लागलाय. तुझ्या आईला माहीत आहे. आधी मीच लाजेनं तिला गप्प बसवलं, मग तुझे दिवस भरत आले, म्हणून तिनं तुला सांगितलं नाही.

आमच्या शेजारणीला तू ओळखतेस. तिची नि माझी गच्ची एकमेकीला चिकटून, मध्ये गुडघ्याएवढी भिंत. तीस वर्षं त्या भिंतीवरून वाट्या इकडून तिकडं गेल्या. वाटी परत येताना कधी रिकामी आली नाही. एका उन्हाळ्यात मी वर्षाच्या चटणीच्या मिरच्या गच्चीवर वाळत घातल्या होत्या. देठ खुडून, निवडून, दोन दिवस ऊन दाखवून झालेलं, तिसऱ्या दिवशी कांडपाला न्यायच्या. शेजारणीनं त्याच दिवशी पाइप लावून तिची गच्ची धुतली. पाण्याला भिंत कुठली कळते? भिंतीखालच्या भोकातून सगळं माझ्या मिरच्यांत.

मी भिंत ओलांडून पलीकडं गेले. म्हटलं, "डोळं फुटलं काय गं तुझं?"

ती म्हणाली, "ओरडतीस कशाला? मिरच्या काय सोन्याच्या हायत?"

"सोनं वाळवाय लागत न्हाय, भवाने."

आणखी बरंच झालं, ते तुला बाळंतपणात सांगण्यासारखं नाही. शेवटी मी तिला ढकललं. ती तिच्याच पाण्यावर घसरली, हातावर पडली आणि मनगट मोडलं. तिच्या लेकानं पोलिसांत तक्रार दिली. दिली ते बरोबरच केलं. माझ्या बहिणीला कुणी ढकललं असतं तर मी काय हळदीकुंकवाला बोलावलं असतं?

पण तेव्हा मी काय म्हणाले माहीत आहे? "ती घसरली." पोलिसाला म्हणाले, गल्लीत म्हणाले, देवापुढंसुद्धा म्हणाले. वकिलाला तर ते वाक्य फार आवडलं. दोन वर्षं तारखांवर तारखा पडत गेल्या, तसं मलाही ते खरं वाटायला लागलं. पाणी तिचं, गच्ची तिची, पाय तिचा. माझा फक्त हात, तोही जरासाच.

मग एका तारखेला ती साक्षीला उभी राहिली. जज्जसाहेबांनी विचारलं, "आता काय त्रास होतो?" तिनं हात वर करून दाखवला. म्हणाली, "भाकरी थापता येत न्हाय, साहेब. सून थापती. जाड थापती."

कोर्ट हसलं. तिची सून मागच्या बाकावर होती, तीही पदर तोंडाला लावून हसली. मला काही हसू आलं नाही. त्या बाईची भाकरी मी तीस वर्षं खाल्लेली. पापुद्रा असा सुटायचा की त्यातून दिवा दिसावा. घरी आले आणि ताट तसंच झाकून ठेवलं.

पुढच्या तारखेला मी वकिलाला न विचारता उभी राहिले. म्हटलं, "साहेब, मी ढकललं. पाणी होतं, ती घसरली बी. पण मी ढकललं नसतं तर उभीच ऱ्हायली असती." वकिलानं फाइल मिटली आणि चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होता.

साहेबांनी माझं वय बघितलं, आधीचा गुन्हा नाही हे बघितलं, चौकशीचा अहवाल मागवला आणि मला शिक्षा न देता दोन वर्षांच्या प्रोबेशनवर सोडलं. म्हणजे काय, तर तुरुंग नाही, पण दोन वर्षं नीट वागायचं असं बंधपत्र लिहून द्यायचं. मोडलं तर परत बोलावून शिक्षा. अटी वाचून दाखवल्या. दारू पिणार नाही. मी म्हटलं, "साहेब, चारनंतर मी चहा बी घेत न्हाय, झोप येत न्हाय." वाईट संगतीत राहणार नाही. मी विचारलं, "मग गल्ली सोडाय लागंल काय?" वकिलानं माझा पदर खाली ओढला, गप्प बसा म्हणून. शेजारणीला त्रास देणार नाही. महिन्यातून एकदा प्रोबेशनच्या मॅडमकडं हजेरी देणार. परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जाणार नाही. सगळ्याला व्हय म्हटलं आणि सही केली.

एक जामीनदार पण लागतो, म्हणजे मी चुकले तर त्याचाही गळा अडकतो. आमच्या कोपऱ्यावरचे शिंपी चाचा उभे राहिले. तिथल्या कारकुनानं त्यांना विचारलं, "या पळून गेल्या तर?" चाचा म्हणाले, "दोन पोलकी माझ्याकडं शिवाय पडल्यात. ती सोडून काकू जात्यात कुठं?"

हजेरीचं ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि फाइलींच्या मागं बसलेली मॅडम. तुझ्याएवढीच असेल. बाहेर बाकडं. त्या बाकड्यावर माझ्याबरोबर एक ट्रकड्रायव्हर असायचा, चाळिशीच्या आतबाहेरचा, घरी बायको, दोन मुली, म्हातारी आई. ऊसगाड्यांच्या रांगेत पुढं-मागं होण्यावरून त्यानं एकाचं डोकं फोडलं होतं. आता गुळाची गाडी चालवायचा. आमची दोघांची जोडी छान जमली. एकानं डोकं फोडलेलं, एकीनं मनगट मोडलेलं; चांगल्या संगतीत राहायची अट दोघांनाही.

त्याची अडचण वेगळी होती. म्हणाला, "काकू, तुमचा जिल्हा बसून बसून बी संपत न्हाय. माझा दोन तासांत संपतोय." गुळाचा माल कुठं जायचा ते अडत्याकडून संध्याकाळी कळायचं आणि सकाळी गाडी हलायची. परवानगीचा अर्ज केला तर कागद आठ-दहा दिवसांनी हातात. तोवर गूळ खाऊन संपलेला असायचा. एकदा तो विनापरवानगी बेळगावला माल टाकून आला. मॅडमनी विचारल्यावर सांगून टाकलं. अहवाल गेला, साहेबांनी त्याला झापलं, परत असं झालं तर सरळ आत म्हणून बजावलं. मालकानं गाडी काढून घेतली. तेव्हापासून तो मार्केट यार्डात ढेपा उचलत होता.

मी काय करावं? त्याला ज्ञान दिलं. म्हटलं, "नियम म्हंजे नियम, बाबा. सही करताना कागद वाचाय नको व्हय?"

तो म्हणाला, "वाचलाय की, काकू. पोटाला वाचाय येत न्हाय."

मी आपली मान हलवली, जसं काही कोर्ट माझ्याच माहेरचं.

आणि पुढच्याच महिन्यात तुझ्या डोहाळजेवणाचा फोन आला. तुझ्या आईनं "ये" म्हणायचा अवकाश, मी पिशवी भरली. तुला खरं सांगते, माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. निपाणी जिल्ह्याबाहेर आहे, दुसऱ्या राज्यात आहे, हे मला शाळेतल्या पोरीसारखं पाठ आहे. पण बहिणीच्या घरी जाताना कुणी नकाशा बघतं का? बाहेर म्हणजे पुणे, मुंबई. निपाणी म्हणजे कागलच्या पुढचा स्टॉप. एसटीत कंडक्टरनं सीमेपर्यंत बायकांचं अर्धं तिकीट धरलं आणि पुढं पूर्ण. मी त्याच्याशी भांडले सुद्धा, की अर्ध्या वाटेत मी काय बाप्या होते काय? त्या कंडक्टरला सीमा कळत होती, मला नाही.

तुझं डोहाळजेवण काय सुंदर झालं, ते मी तुला काय सांगू. हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, आणि तू बर्फीची वाटी उघडलीस तेव्हा तुझ्या सासूचा पडलेला चेहरा. निघताना तुझ्या आईनं डिंकाच्या लाडवांचा डबा दिला.

दोन दिवसांनी हजेरी होती. डबा घेऊनच गेले. बाकड्यावर ड्रायव्हरला एक दिला, आत मॅडमपुढं डबा उघडून धरला. "घ्या मॅडम. भाचीचं डोहाळजेवण झालं."

मॅडमनी लाडू उचलला. "अरे वा. कुठं झालं?"

"निपाणीला, बहिणीकडं."

लाडू तोंडापर्यंत गेलेला तिथंच थांबला. मॅडम माझ्याकडं बघेनात, रजिस्टरकडं बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "कागलला म्हणालात ना, आज्जी?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, बाई. तुरुंग वगैरे नंतर आठवलं. पहिल्यांदा चाचांचं तोंड आठवलं. कागलपर्यंत आपला जिल्हा. मॅडमनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. मला बोलायचं पण नव्हतं, नुसती मान हलवायची होती.

एवढ्यात दारातून ड्रायव्हर म्हणाला, "कागलच म्हणाल्या, मॅडम. मी ऐकलं की." तोंडात अर्धा लाडू होता त्याच्या.

मी त्याला नियम शिकवलेले. त्याचं खरं बोलून काम गेलेलं. आणि तो माझ्यासाठी खोटं बोलत होता, तेही न मागता. मी मान हलवली असती, तर त्या खोलीत काय राहिलं असतं सांग. म्हातारीनं लाडू दिला म्हणून तिची निपाणी कागल झाली, आणि ढेपा उचलणाऱ्याचं बेळगाव बेळगावच राहिलं. आणि माझं परत "ती घसरली" सुरू. दोन वर्षं मी ते वाक्य खाऊन बघितलंय. पचत नाही.

म्हटलं, "न्हाय मॅडम. निपाणीच. एसटीनं गेल्ते, रात्री राहून आले."

"आज्जी, मग मला लिहावं लागणार."

"लिवा की. अक्षर तेवढं चांगलं काढा."

मॅडमनी लाडू परत डब्यात ठेवला. मी म्हटलं, "आता खावा, उष्टा झाला." तर म्हणाल्या, "आधी अहवाल, मग लाडू." ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, "काकू, तुमी लई अवघड बाई हायसा."

कोर्टापेक्षा चाचांची भीती मोठी होती. दुकानात गेले तर ते सुईत दोरा ओवत होते. सगळं सांगितलं. दोरा तीनदा चुकला. मग म्हणाले, "इचारायचं तरी की, काकू. माझं नाव हाय त्या कागदावर." एवढंच. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." आणि त्यात "पण" घातला नाही. वयाच्या मानानं मला ते बरंच जड गेलं.

कोर्टात साहेबांनी विचारलं, "जिल्ह्याबाहेर जायचं नाही हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं साहेब, तुमीच वाचून दाखवलंसा. निपाणी बाहेर हाय हे ध्यानात न्हवतं."

"निपाणी कुठल्या राज्यात आहे?"

आता या प्रश्नाला कोल्हापुरात एक उत्तर नाही हे तुलाही ठाऊक आहे. मी खाली बघून गप्प बसले. मागं दोन वकील हसले. साहेबांनी त्यांच्याकडं बघितल्यावर तेही खाली बघायला लागले.

पहिलीच चूक, स्वतः सांगितलं, म्हणून किरकोळ दंड झाला आणि माझी मुदत सहा महिन्यांनी वाढली. चाचा बाहेर उभे होते, त्यांनी परत सही केली. मी म्हटलं, "साहेब, माझं झालं. आता एक दुसऱ्याचं सांगू काय?" आणि त्यांनी नको म्हणायच्या आत सांगून टाकलं, की मला बाहेर जायचं म्हणजे जेवायला जायचं असतं आणि त्या ड्रायव्हरला बाहेर जायचं म्हणजे घरचं जेवण आणायचं असतं, दोघांना एकच गज लावला तर कापड कुणाला तरी तोकडंच पडणार. मला बांधा, मी बसून राहीन. त्याला हंगामापुरता एकच कागद द्या, प्रत्येक खेपेला नको.

साहेब म्हणाले, "त्याचं त्यानं सांगावं, आजी." बरोबरच होतं. पण मॅडम तिथंच उभ्या होत्या. पुढं त्यांनीच त्याला अर्ज लिहायला बसवलं आणि स्वतःचं मत जोडलं. त्याला सांगली, सातारा आणि बेळगावची वर्षाची परवानगी मिळाली. गुजरातची नाही मिळाली, आणि गुळाचा खरा पैसा तिकडंच. तो म्हणतो, अर्धी तर अर्धी. मला अजून वाटतं, पुरी द्यायला हवी होती. डोकं त्यानं कोल्हापुरात फोडलं, गुजरातनं काय केलंय?

मी मॅडमना नंतर एकदा विचारलं, "नेसरीला नणंदेकडं गेले तर चालंल?"

"चालेल की. नेसरी आपल्या जिल्ह्यात आहे."

"पण गाडी निपाणीवरनं जाती. डोळं मिटून बसू काय?"

मॅडमनी बराच विचार केला. म्हणाल्या, "मुरगूडवरून जावा." म्हणजे बघ, कायद्यालाही आडवाट माहीत असते.

शेजारणीचं म्हणशील तर बंधपत्रात तिला त्रास देऊ नको एवढंच लिहिलंय. भाकरी थापून दे असं कुठं लिहिलेलं नाही. पण त्या साक्षीनंतर मी रोज दुपारी दोन भाकरी भिंतीवर ठेवते. पहिले दोन महिने ती बोलली नाही, भाकरी मात्र न्यायची. तिसऱ्या महिन्यात पलीकडून आवाज आला, "मीठ कमी पडलंय." मी म्हटलं, "ते तुझ्या सुनंची आठवण ऱ्हावी म्हणून." आता रोज बोलणं असतं आणि रोज तक्रार असते. तिचं मनगट मी काही सरळ करू शकत नाही. थंडीत दुखतं तिचं, मला भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू येतं. ते कुठल्या मुदतीनं संपणार नाही.

आता तुझ्या बारशाचं. तू बाळंत झालीस त्याच दिवशी मी मॅडमकडं पळाले. त्यांनी त्याच दिवशी अर्ज वर पाठवला. मध्ये सुट्ट्या आल्या, साहेब रजेवर गेले, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना दमला. तुझं पोर काही अर्ज करून जन्माला आलं नव्हतं. बाराव्या दिवशी त्याचं बारसं ठरलं. माझी परवानगी चौदाव्या दिवशी आली. आणि कशाची आली? बाराव्या दिवसाची. सही-शिक्क्यासकट, गेलेल्या दिवसाला जायची परवानगी. मॅडमना कागद देताना माझ्याकडं बघवेना. मीच त्यांना म्हटलं, "ऱ्हाऊ दे. पोराला मोठा झाल्यावर दाखवीन."

बारशाच्या दिवशी सकाळी तुझ्या आईचा फोन आला होता, "ये की गं, कोण बघतंय?" कोणी बघत नव्हतं, ते खरं. पिशवी भरलेली होती, कुंची शिवून घेतली होती चाचांकडून. मी स्टँडपर्यंत गेले सुद्धा. निपाणीची गाडी लागलेली होती, खिडकीची जागा रिकामी होती. गाडी सुटेपर्यंत उभी राहिले आणि घरी आले. तुला वाटतं मावशीला काही वाटलं नाही. त्या दिवशी मी शेजारणीला भाकरी करपलेल्या दिल्या आणि ती एक शब्द बोलली नाही, यावरून समज.

नियम तोडायचा नाही हे मला पटलंय. पण जो नियम महिनाभर आधी ठरलेल्या लग्नाची तारीख ओळखतो त्यानं बाळाची पण ओळखावी, एका दिवसाच्या कामाला एका दिवसात उत्तर द्यावं, एवढं मी साहेबांना लिहून दिलंय. मॅडमनी शुद्धलेखन तपासलं. उत्तर आलेलं नाही. येईल चौदाव्या दिवशी.

माझी मुदत अजून पुढच्या पावसाळ्यापर्यंत आहे. तोवर तुझं पोर धावायला लागेल आणि मला पावणी म्हणेल. तुला माहेर निपाणीतच, सासर निपाणीतच, दोन्हीकडं मला अर्ज. तुझ्यावर तर कुठलं बंधपत्र नाही ना? मग ये की. कागलच्या स्टँडवर मी येऊन उभी राहीन, तिथून पुढचं ओझं माझं, पोर पण माझं. सवा महिना झाला की लगेच निघ, सासूला विचारून निघ, आणि निघताना फोन कर. या खेपेला मी लावला तर उचल.